निश्चयाला व्यवस्थेची जोड

मार्च १९३८ मध्ये विनोबा भावे पवनारला राहायला आले, तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. वजन ८८ पौंड, म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधीजींना काळजी वाटत होती; त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यायला सुचवलं. विनोबा लांब गेले नाहीत. वर्ध्याजवळच धाम नदीच्या काठी असलेला जमनालाल बजाज यांचा बंगला त्यांनी निवडला आणि तिथल्या जमिनीत खोदायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी सात. रोज दोन-दोन मिनिटं वाढवत ते एका तासापर्यंत गेले. दम लागला की काही क्षण थांबायचं आणि पुन्हा कुदळ उचलायची. वर्षाच्या आत त्यांचं वजन सुमारे ४० पौंडांनी वाढलं.

हा हिशेब करून पाहा. पाच मिनिटांपासून एक तासापर्यंत पोहोचायला या पद्धतीनं चार आठवडे लागतात. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्याच दिवशी तासभर खोदतात. तिसऱ्या दिवशी अंग धरतं, पाचव्या दिवशी कुदळ कोपऱ्यात जाते आणि ‘माझ्यात जिद्दच नाही’ असा निकाल आपणच आपल्यावर देऊन मोकळे होतो. हा निकाल चुकीचा आहे. पहिल्या दिवशी जिद्द भरपूर होती. तिला रोजच्या दिवसात बसायला जागा मिळाली नाही.

सेवाग्राम, पवनार, नालवाडी, गोपुरी या वर्ध्याच्या आसपासच्या ठिकाणी गेल्या शंभर वर्षांत शेकडो माणसांनी आपलं खाणं, झोपणं, बोलणं, काम करणं जाणूनबुजून बदललं. त्यांतली बरीचशी माणसं तुमच्या-माझ्यासारखी साधी होती. ती मनाच्या उभारीवर विसंबून राहिली नाहीत. वेळ ठरवली, जागा ठरवली, सोबत धरली आणि हिशेब ठेवला. पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून जे मांडलं, त्यातलं बरंचसं इथल्या आश्रमांच्या दिनक्रमात आधीपासून होतं. तुम्हाला चालण्याची सवय लावायची असो, तंबाखूचा खर्रा सोडायचा असो, मोबाइल कमी करायचा असो की रोज दोन पानं वाचायची असोत, खालच्या गोष्टी क्रमानं करून पाहा.

एकच सवय निवडा, आणि ती तुमचीच असू द्या

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी किंवा पाडव्याला आपण यादी करतो: लवकर उठायचं, साखर बंद, व्यायाम, वाचन, रागावायचं नाही. पाच आघाड्या एकदम उघडल्या की एकही राखता येत नाही. म्हणून येत्या तीन महिन्यांसाठी एकच सवय घ्या. ती अशी मांडा की रात्री झोपताना ‘आज केलं’ किंवा ‘आज नाही केलं’ एवढंच उत्तर देता यावं. ‘तब्येतीकडे लक्ष देणार’ ही इच्छा झाली. ‘रात्रीच्या जेवणानंतर घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणार’ ही कृती झाली. दिनक्रमात बसते ती कृती.

ही सवय नेमकी कुणाला हवी आहे, हेही स्वतःला विचारा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सूत देण्याची अट तिथे मान्य झाली. ज्याला स्वतः कातायचं नसेल, त्याला दुसऱ्यानं कातलेलं सूत देण्याची मुभा होती. अट घालणाऱ्या माणसाचा अधिकार देशभर मानला जात होता, तरीही वर्षाच्या आत ती सैल करावी लागली. स्वतः गांधीजी मात्र अखेरपर्यंत रोज कातत राहिले, कारण त्यांच्यासाठी ते काम आतून आलेलं होतं. बायको म्हणते म्हणून, डॉक्टर रागावले म्हणून किंवा शेजारी करतात म्हणून धरलेली सवय बाहेरचा रेटा ओसरला की सुटते.

याचं उलट उदाहरण डॉ. अभय बंग यांचं आहे. त्यांचं बालपण सेवाग्रामात, नई तालीमच्या शाळेत गेलं. पुढे गडचिरोलीत काम करत असताना १९९५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, त्यांना हृदयविकारानं गाठलं. त्यानंतर आहार, चालणं, योगासनं, ध्यान आणि स्वतःच्या धावपळीकडे पाहण्याची दृष्टी हे सगळं त्यांनी बदललं. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी हा प्रवास लिहिला आहे आणि मराठी घरांमध्ये तो आजही वाचला जातो. त्यांच्यासमोर कारण स्पष्ट होतं. तुमचं कारण आजारपणाचंच असलं पाहिजे असं नाही. नातवंडांसोबत खेळताना दम लागू नये, एवढंही पुरेसं आहे. पण ते कागदावर एका वाक्यात लिहा. पहिला उत्साह ओसरल्यावर ते वाक्य उपयोगी पडेल.

सुरुवात इतकी लहान करा की टाळायला कारण उरू नये

विनोबांची पाच मिनिटं इथे कामाला येतात. अशक्त शरीराला पहिल्या दिवशी जेवढं झेपेल, तेवढंच त्यांनी मागितलं. तुम्हीही सगळ्यात थकलेल्या दिवशी जेवढं जमेल, तेवढ्यापासून सुरुवात करा. कापसाच्या वेचणीतून संध्याकाळी घरी आल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, घरात पाहुणे असताना जे करता येईल, ते तुमचं किमान माप. चालायचं असेल तर दहा मिनिटं. वाचायचं असेल तर दोन पानं. सूर्यनमस्कार घालायचे असतील तर तीन.

पहिले दोन आठवडे माप वाढवू नका, जोर असला तरी. या काळात शरीर कमावणं हा हेतू नाही. रोज त्या वेळी ते काम होणं, हा हेतू आहे. त्यानंतर वाढवायचं ते थोडं-थोडं. एक खुणेची गोष्ट लक्षात ठेवा: वाढवलेल्या मापामुळे सलग दोन दिवस टाळाटाळ झाली, तर आधीच्या मापावर परत या. त्यात कमीपणा नाही.

वेळ आणि जागा पक्की करा

सेवाग्राम आश्रमात पहाटेची आणि संध्याकाळची प्रार्थना ठरलेल्या वेळी, उघड्या आभाळाखाली होते. गांधीजी १९३६ मध्ये इथे, तेव्हाच्या शेगावला, राहायला आले तेव्हापासूनचा हा क्रम आहे. घंटा झाली की हातातलं काम थांबतं. प्रार्थनेला जायचं की नाही, हा विचार रोज नव्यानं करावा लागत नाही. सवयीचा सगळ्यात मोठा शत्रू हा रोजचा विचारच असतो. ‘आज जाऊ की उद्या?’ असं मनाला विचारलं की मन सोयीचंच उत्तर देतं.

आपल्या दिवसातलं किती वागणं असं विचाराविना होतं, हे वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून तपासलं. त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या विद्यार्थ्यांच्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, त्याच जागी आणि बहुधा मनात दुसरंच काही चालू असताना होत होत्या. वाईट सवय ज्या वाटेनं घट्ट होते, त्याच वाटेनं चांगलीही होते: तीच वेळ, तीच जागा, तीच आधीची खूण.

म्हणून नव्या सवयीला रोज नेमानं होणाऱ्या जुन्या गोष्टीच्या मागे बांधा. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की नुसतं ‘मी करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवणाऱ्यांच्या हातून काम कितीतरी अधिक वेळा पार पडतं. तुमचं वाक्य असं होऊ शकेल: ‘सकाळी गाईची धार काढून झाली की ओसरीवर तीन सूर्यनमस्कार घालीन.’ ‘रात्री ताटं उचलली की चप्पल घालीन.’ ‘आर्वी नाक्यावर बसमध्ये बसलो की पुस्तक उघडीन.’ घड्याळातल्या वेळेपेक्षा अशी खूण जास्त टिकते, कारण खेड्यातला दिवस घड्याळाबरहुकूम चालत नाही. वीज रात्री येणार असेल तर वावरात पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. पण जेवण, धार, अंघोळ, दिवाबत्ती या गोष्टी रोज होतातच.

घराची आणि वाटेची मांडणी बदला

सेवाग्रामची बापूकुटी पाहिलीत, तर तिथली मांडणी मुद्दाम न्याहाळा. बसायची चटई, लिहायचं साहित्य, पुस्तकं असं जे रोज लागतं, ते बसल्या जागी हाताशी आहे, आणि जे लागत नाही ते खोलीतच नाही. आपल्या घरात बहुधा उलट असतं. मोबाइल उशाशी, फरसाणाचा डबा डोळ्यांसमोर आणि चालायचे बूट माळ्यावर.

परिसराचं बळ किती असतं, याचा मोठा पुरावा व्हिएतनामच्या युद्धातून मिळाला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक १९७१ मध्ये मायदेशी परतले. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग ठेवला. परतल्यावर वर्षभरात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाच्या विळख्यात गेले. व्यसन ज्या वातावरणाला चिकटलेलं होतं, ते वातावरणच मागे राहिलं होतं. आपल्याला गाव सोडून जाता येत नाही. पण गावातली वाट बदलता येते.

त्यासाठी सोपा नियम आहे. हवी ती गोष्ट हाताशी आणा, नको ती निदान वीस पावलं लांब न्या. मोबाइल रात्री समोरच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ घ्या. चालायचे कपडे रात्रीच काढून ठेवा. घरात गोरसपाकाच्या बिस्किटांचा डबा असेल, तर तो पाहुण्यांसाठी कपाटात वर ठेवा. दोन नग ताटलीत काढून बाकीचा बंद करा. कामावरून घरी येताना ज्या पानठेल्यावर गाडी आपोआप थांबते, तो टाळून पुढच्या गल्लीनं या.

मात्र नुसत्या बंदीवर भिस्त ठेवू नका. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी दारू आणि गुटखा कसे आणि कुठे मिळतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कायदा सहज मिळण्याची वाट थोडी अरुंद करतो आणि त्याचा उपयोग आहेच. पण माणसाच्या मोकळ्या वेळात आणि दोस्तांच्या बैठकीत दुसरं काही आलं नाही, तर तो ती अरुंद वाट शोधून काढतोच.

सोडायच्या सवयीच्या जागी दुसरं काही द्या

आपल्याकडे याची कसोटी खर्रा सोडताना लागते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार झालेला खर्रा वावरात, कार्यालयात, लग्नाच्या मांडवात हातोहात फिरतो. नकार दिला तर तो पदार्थाला नसून माणसाला दिल्यासारखा वाटतो. म्हणून सोडताना तीन गोष्टींची भरपाई करावी लागते: निकोटिनची तलफ, तोंडाचा चाळा आणि दोस्तांची सोबत.

पहिला आठवडा काहीच सोडू नका. खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी वेळ, जागा आणि सोबत कुणाची, एवढं लिहा. आठवड्यानंतर दिसेल की दिवसभराच्या खर्ऱ्यांमागे चार-पाच ठरलेले प्रसंग आहेत: उठल्यावर, जेवल्यावर, कामाच्या सुट्टीत, संध्याकाळी ठेल्यावर. आता प्रत्येक प्रसंगासाठी वेगळं काही ठरवा. जेवल्यावर भाजलेला ओवा, बडीशेप किंवा जवस. कामाच्या सुट्टीत पाणी आणि चार पावलं. संध्याकाळी ठेल्याऐवजी त्याच दोस्तांना घेऊन चालायला किंवा पारावर. पण तंबाखू वगळून नुसती सुपारी खाऊ नका. तोंडाचा कर्करोग आणि तोंड उघडेनासं होणारा आजार सुपारीनंही होतो.

तलफ येते तेव्हा ती कधीच जाणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात तिची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. ‘खाणारच नाही’ असं न म्हणता ‘दहा मिनिटांनी पाहू’ म्हणा आणि तेवढा वेळ हात आणि पाय कामाला लावा. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे कमी होत जातं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसांतल्या रागाचा अर्थ ते लावू शकतील. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिथे समुपदेशक बोलतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगमही घेता येतं.

हिशेब लिहा आणि सोबत धरा

साबरमतीच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची. नाव पुकारलं की प्रत्येकानं त्या दिवशी किती सूत कातलं ते सांगायचं. शिक्षा नव्हती, बक्षीस नव्हतं. सगळ्यांसमोर खरा आकडा सांगणं, एवढंच. या साध्या पद्धतीत दोन मोठ्या गोष्टी होत्या: रोजची मोजणी आणि रोजचे साक्षीदार.

मोजणीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. काम झालं त्या दिवशी तारखेवर फुली मारा. कॅलेंडर स्वयंपाकघरात लावा, कपाटाच्या आत नको. महिना संपल्यावर फुल्या मोजा आणि कोणते वार सुटले ते पाहा. दर बुधवारी आठवडी बाजारामुळे खंड पडत असेल, तर दोष मनाचा नाही. बुधवारची वेळ चुकली आहे. ती बदला.

सोबतीसाठी वेगळी संघटना काढण्याची गरज नाही. गांधीजी सेवाग्रामात सकाळ-संध्याकाळ फिरायला निघत तेव्हा माणसं बरोबर असत आणि अनेकांशी भेटीगाठी चालता-चालताच होत. तुमच्या गावात बचत गट असेल, भजनी मंडळ असेल, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल. तिथे जमणाऱ्यांपैकी दोघं-तिघं एकाच सवयीसाठी एकत्र या. रोज संध्याकाळी एकमेकांना एवढंच विचारायचं, ‘आज झालं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर उपदेश करायचा नाही, उद्याची वेळ विचारायची. सल्ला देणाऱ्यापेक्षा विचारपूस करणारा माणूस सवय जास्त टिकवतो.

घरातल्या पुरुषांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. बाईला सकाळी अर्धा तास चालायला जायचं असेल, तर त्या अर्ध्या तासात चहा कोण टाकणार, पाणी कोण भरणार आणि मुलांचे डबे कोण भरणार, हे आधी ठरायला हवं. बाईचा निश्चय कितीही पक्का असला, तरी तिचा वेळ घरानं मोकळा करून दिल्याशिवाय तिची सवय टिकणार नाही. बायको-बहिणीला ‘तू तब्येतीकडे लक्ष दे’ असं म्हणण्यापेक्षा तिच्या वाटचं एक काम कायमचं उचला. तिला लागणारी व्यवस्था ती हीच.

अपवाद आधीच ठरवा

गांधीजींचं सोमवारचं मौन सर्वांना ठाऊक आहे. २ जून १९४७ हा दिवस सोमवारी आला. देशाच्या फाळणीची योजना समोर होती आणि व्हॉइसरॉय माउंटबॅटन यांच्याशी भेट ठरलेली होती. गांधीजींनी जुन्या लिफाफ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून उत्तरं दिली. त्या टिपणातच त्यांनी नमूद केलं की हे मौन ठरवलं तेव्हा दोन अपवाद राखून ठेवले होते: मोठ्या अधिकाऱ्यांशी तातडीचं बोलणं आणि आजाऱ्यांची शुश्रूषा. त्या दिवशी पहिला अपवाद लागू होत होता, तरी त्यांनी तो वापरला नाही.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नियमाला अपवाद असायला हरकत नाही, पण तो नियम ठरवतानाच ठरवावा, मोह समोर उभा असताना नाही. आणि अपवाद मोजके असावेत. ‘घरात आजारपण असेल तेव्हा आणि प्रवासात असेन तेव्हा चालणं सुटलं तरी चालेल’ हे कागदावर लिहून ठेवा. मग ‘आज कंटाळा आला’ हे त्या यादीत बसत नाही, हे स्वतःलाच दिसतं.

वर्ध्याच्या हवामानाचा आणि हंगामाचा विचारही सुरुवातीलाच करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा सकाळी नऊला फिरायला जाणं धोक्याचं आहे. चालणं पहाटे उजाडताच आणा, नाहीतर घरातल्या आसनांवर भागवा. मृगाचा पाऊस पडला की पेरणीची घाई, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी, मग लग्नसराई. या प्रत्येक काळासाठी सवयीचं लहान रूप ठरवून ठेवा. अर्ध्या तासाच्या जागी पाच मिनिटं, पण रोज. पेरणी कितीही साधली तरी निंदण-डवरणीची वेळ चुकवून पीक हाती येत नाही. सवयीचंही तसंच आहे, तिची राखण धकाधकीच्या दिवसांतच करावी लागते.

तरीही खंड पडेल. पडला की मन म्हणतं, ‘मोडलंच आहे, आता काय उरलं?’ आणि एका खर्ऱ्याचे पाच होतात, एका दिवसाचा आठवडा होतो. खरं नुकसान चुकलेल्या दिवसापेक्षा या विचारानं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अधूनमधून एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून नियम एकच: एक दिवस चुकला तर चुकू द्या, दुसरा सलग चुकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पटही करू नका. ठरलेलं किमान माप तेवढं पार पाडा.

किती दिवस धीर धरायचा?

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या रूपाची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं आणि तो सगळ्याच सवयींचा नियम होऊन बसला. लॅली यांच्या अभ्यासात कृती आपोआप होऊ लागायला लागलेला मधला काळ ६६ दिवसांचा होता, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. जेवताना पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर जडते, व्यायामाची उशिरा. तेव्हा २२ व्या दिवशीही जोर लावावा लागत असेल, तर घाबरू नका. तीन महिने हा रास्त हिशेब आहे.

सुरुवातीसाठी आयुष्यातला बदलाचा क्षण मिळाला तर तो साधा. नवी नोकरी, बदली, निवृत्ती, घर बदलणं, मुलांच्या शाळेची नवी वेळ. अशा वेळी जुन्या खुणा आपोआप विस्कटलेल्या असतात आणि नवी सवय बसायला जागा असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टरकीला प्रवेश घेणारी मुलं सुरुवातीलाच आश्रमात शिबिराला राहतात. खादी, प्रार्थना आणि श्रमदानाशी त्यांची ओळख तिथे होते. घर सोडून आलेल्या मुलांचा नवा दिनक्रम अजून ठरायचा असतो, म्हणून ही वेळ नेमकी आहे. मात्र असा क्षण समोर नसेल, तर त्याची वाट पाहत बसू नका.

जिथे एकट्यानं जाऊ नये

काही सवयींना वैद्यकीय मदत लागते. अनेक वर्षं रोज दारू पिणाऱ्यानं ती एकदम बंद केली, तर हातापायांना कंप, झटके किंवा भ्रम होऊ शकतो. त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसानं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जिल्ह्यातच आहेत, तिथे मानसोपचाराचे विभाग आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून हजारो घरांना हेच शिकवलं आहे की व्यसन हा आजार आहे, आणि उपचारात घरच्यांनाही सामील व्हावं लागतं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी व्यायाम आणि आहार सुधारल्यावर आपल्या मनानं गोळ्या बंद करू नयेत. झोप, भूक, कामातला रस सगळंच आठवडेच्या आठवडे हरवलं असेल, तर तो आळस नसून नैराश्य असू शकतं. त्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक आहे.

आज रात्री करायचं काम

एक वही घ्या आणि पाच ओळी लिहा. मी कोणती एक कृती करणार. रोजच्या कोणत्या गोष्टीनंतर आणि कुठे करणार. सगळ्यात थकलेल्या दिवसाचं माप किती. माझे अपवाद कोणते दोन. रोज मला कोण विचारणार. पाचवी ओळ रिकामी राहत असेल, तर झोपण्याआधी त्या माणसाला फोन करा.

मग घरात एक बदल करा: काहीतरी हाताशी आणा किंवा काहीतरी लांब न्या. पहिले दोन आठवडे माप वाढवू नका. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजून वेळ किंवा जागा दुरुस्त करा, स्वतःला दोष देण्यात दिवस घालवू नका. तीन महिन्यांनी ती कृती आठवण न करता होऊ लागली असेल, तर वहीचं नवं पान उघडून दुसरी एकच सवय घ्या. होत नसेल तर तीच आणखी तीन महिने चालवा. वर्षाला दोन सवयी खऱ्या अर्थानं मुरल्या, तरी पाच वर्षांत दहा होतात, आणि दहा सवयी बदललेला माणूस आपल्या घरालाही बदलतो. मुलं आपलं बोलणं कमी आणि आपला दिनक्रम जास्त शिकतात. तुम्ही लावून घेतलेली सवय त्यांना वेगळी शिकवावी लागणार नाही.